धडधाकट दिसणारा पट्टा का बदलायचा?

गाडीच्या इंजिनातला टायमिंग बेल्ट, म्हणजे आत दात असलेला रबरी पट्टा, बदलून झाला की चांगला मेकॅनिक जुना पट्टा मालकाच्या हातात देतो, आणि तो हातात आला की बहुतेकांच्या मनात एकच येतं: हा तर चांगला होता! कुठे चीर नाही, दात तुटलेला नाही, कडेचा धागाही सुटलेला नाही. बिलावरचा आकडा मात्र असा, की त्यात दोन टायर आले असते. मलाही पहिल्या वेळी गुंडाळल्यासारखं वाटलं होतं. तो पट्टा मी घरी आणला, ताणून पाहिला, उलटा करून पाहिला, शेजारच्या काकांना दाखवला. काकांनी अंगठ्याने दात दाबून निकाल दिला, "अजून तीस हजार किलोमीटर सहज गेला असता."

गेलाही असता. नसताही गेला. पट्टा हातात धरून ते सांगता येत नाही, आणि या सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हा आपला जुना हिशेब गाडीच्या बऱ्याच भागांना लागू पडतो. सायलेन्सर सडला तर आवाज करतो, क्लच गेला तर गाडी चढावर रडते, ब्रेकपॅड संपत आले की किरकिरतात. टायमिंग बेल्ट यातलं काहीच करत नाही. बहुतेक वेळा तो शेवटच्या सेकंदापर्यंत उत्तम चालतो आणि पुढच्या सेकंदाला इंजिन संपवतो.

इंजिन म्हणजे दोन मजली घर समजा. खालच्या मजल्यावर पिस्टन वर-खाली धावतात आणि क्रँकशाफ्ट नावाचा दांडा फिरवतात. चाकांना मिळणारी ताकद तिथून येते. वरच्या मजल्यावर, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह असतात. हवा आत घेणारे वेगळे, धूर बाहेर सोडणारे वेगळे. हे व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट नावाचा वरचा फिरता दांडा उघडतो आणि स्प्रिंग बंद करते. आता वरच्या मजल्याला कळायला हवं, की खाली पिस्टन नेमका कुठे पोचला आहे. हा निरोप पोचवायचं काम टायमिंग बेल्टचं. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात असतात. साधा सपाट पट्टा इथे चालत नाही, कारण तो थोडा जरी घसरला तरी हिशेब चुकला. म्हणून आतल्या अंगाला दात असलेला पट्टा.

यात वेग किती असतो? हायवेवर काटा ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे मारते, कॅमशाफ्ट २५. प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात २५ वेळा उघडतो आणि बंद होतो.

आता एका उखळात दोघी मिळून कांडतात ते डोळ्यांपुढे आणा. उखळ एक, मुसळं दोन. एकीचं मुसळ खाली येतं तेव्हा दुसरीचं वर गेलेलं असतं. जागा एकच आहे, पण दोघी ती वेगवेगळ्या क्षणी वापरतात. ताल आहे तोवर दोघी डोळे मिटूनही कांडतील. एकीचा ताल चुकला, की मुसळावर मुसळ.

आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह असेच एका उखळात कांडतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा साधारण ८ ते १० मिलिमीटर खाली उतरतो. डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम एखादा मिलिमीटर उरतो. म्हणजे पिस्टन वर असताना उघड्या व्हॉल्व्हला तिथे जागाच नाही. हे मुद्दामच असतं: जागा जितकी कमी ठेवाल तितकी हवा जास्त दाबली जाते, आणि हवा जितकी दाबाल तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघतं. डिझेलमध्ये तर हवा दाबून तापवल्याशिवाय इंधन पेटतच नाही, म्हणून डिझेल गाडीचा पट्टा तुटणं म्हणजे जवळपास हमखास ठोकर. काही पेट्रोल इंजिनांत पुरेशी मोकळी जागा सोडलेली असते. त्यांचा पट्टा तुटला तर गाडी नुसती बंद पडते, नवा पट्टा घातला की चालू. आपलं इंजिन त्या नशीबवान जातीचं आहे, असं खात्रीने कळल्याशिवाय धरून चालू नका.

पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जिथल्या तिथे थांबते. त्या क्षणी काही व्हॉल्व्ह उघडे असतात, ते उघडेच राहतात. गाडी मात्र गिअरमध्ये आहे, चाकं फिरताहेत, ती क्रँकला फिरवत राहतात. पिस्टन वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्हची दांडी पेन्सिलीपेक्षाही बारीक असते, ती वाकते. हे एका सेकंदाच्याही आत घडून जातं. नशीब बरं असेल तर काही व्हॉल्व्ह आणि ते दाबणारे रॉकर यांवर भागतं. नसेल तर व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं आणि पिस्टनला भोक पाडतं. मग हेड उतरवा, मशीन शॉपला पाठवा, व्हॉल्व्ह, गाईड, गॅस्केट नवे घाला, इंजिन पुन्हा बांधा. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत हा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. पट्टा तुटल्यावर भंगारात गेलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच एरवी चांगल्या होत्या.

एवढा धोका, तर हा पट्टा आणलाच कशाला? त्याची गोष्ट मजेशीर आहे. दातांचा रबरी पट्टा १९४०च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी तयार झाला: सुई आणि खालचा धागा यांचा मेळ चुकू नये म्हणून. मोटारीत तो मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आणला जर्मनीतल्या डिंगोल्फिंग गावच्या ग्लास या छोट्या कंपनीने, १९६२च्या सुमारास, आपल्या १००४ या गाडीत. हे ग्लासवाले मुळात शेतीची यंत्रं बनवणारे, पेरणीयंत्रंसुद्धा. पुढे १९६६मध्ये बीएमडब्ल्यूने ही कंपनी विकत घेतली. म्हणजे शिवणयंत्रातला पट्टा तिफणवाल्यांनी मोटारीत घातला, आणि त्यानंतर अर्ध्या जगाने उचलला. कारणं उघड होती. साखळीपेक्षा पट्टा हलका, स्वस्त, बिनआवाजी, आणि त्याला तेल लागत नाही. कॅमशाफ्ट खालून उचलून हेडवर नेणं छोट्या, स्वस्त गाड्यांना त्यामुळे परवडू लागलं.

आपल्याकडची मारुती ८००, जुनी झेन, सँट्रो, इंडिका डिझेल, डस्टरचं दीड लिटरचं डिझेल, क्रिस्टाच्या आधीची डिझेल इनोव्हा, या सगळ्या पट्टेवाल्या. क्रिस्टाच्या डिझेलला मात्र साखळी आहे. स्विफ्टचं उदाहरण तर आवर्जून लक्षात ठेवण्यासारखं: सुरुवातीच्या १.३ पेट्रोलला पट्टा, नंतरच्या १.२ पेट्रोलला साखळी, आणि १.३ डिझेललाही साखळी. नाव एकच, बाहेरून गाडी जवळपास तीच, आतला कारभार वेगळा. म्हणून "माझ्या मेहुण्याच्या स्विफ्टला तर कधी बदलावा लागला नाही" या माहितीचा तुम्हाला उपयोग शून्य. आपल्या गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन यांवरून मालकाच्या पुस्तिकेत पाहायचं. डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत जे कधीही न उघडलेलं पुस्तक असतं, तेच ते.

साखळीवाल्यांनी मात्र निर्धास्त होऊ नये. साखळी तेलावर जगते. तेल उशिरा बदललं, हलक्या दर्जाचं घातलं किंवा कमी पडलं, की तिच्या कड्या झिजून ती लांबते. फरक इतकाच, की ती बिघडताना बोलते: सकाळी गाडी चालू केल्यावर दोन-चार सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट. पट्टा मुका.

तो मुका का, हे त्याच्या घडणीत आहे. बाहेरून दिसतं ते रबर. त्याच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या लांबीच्या दिशेने गुंडाळलेल्या असतात. ताण सगळा त्या पेलतात. दातांवर नायलॉनच्या कापडाचा थर असतो, झीज तो सोसतो. आता पट्टा थकतो कुठे? पोटातल्या दोऱ्यांत, जिथे डोळा पोचत नाही. पट्टा प्रत्येक पुलीवर वाकतो, सरळ होतो, त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर उलट्या अंगाने वाकतो, पुन्हा सरळ होतो. एकेक तंतू तुटत जातो. बाहेरचं रबर चकचकीतच राहतं. पूर्वीच्या पट्ट्यांचं रबर तडकायचं, त्यामुळे निदान अंदाज यायचा. आताचं रबर उष्णतेला जास्त टिकतं, म्हणून तो अंदाजही गेला. चिरा दिसल्या तर पट्टा नक्की गेलेला आहे. चिरा नाहीत याचा अर्थ मात्र काहीच नाही.

गॅरेजवाला वरचं कव्हर थोडं उचकटून, टॉर्च मारून "चांगला आहे साहेब" म्हणाला, तर त्याने पट्ट्याचा एक-दीड वीतभर तुकडा पाहिला आहे, तोही बाहेरून. त्याला खोटं बोलायचं नसतं. त्याला दिसलं तेवढं तो सांगतो.

मग उरतो तो हिशेब. समजा गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरने चालली. १ लाख किलोमीटर म्हणजे २५०० तास. इंजिन सरासरी २००० आरपीएमवर धरलं, तर क्रँकशाफ्टचे ३० कोटी फेरे. पट्ट्याला १२० दात आणि क्रँकच्या पुलीला २० दात असतील, तर पूर्ण पट्टा ५ कोटी वेळा गरगरा फिरून आला, आणि प्रत्येक फेरीत चार-पाच ठिकाणी वाकला. हे आकडे माझे ढोबळ आहेत, पण अंदाज यायला पुरेसे. कंपनीचे इंजिनिअर हाच हिशेब बारकाईने करतात, चाचणीत पट्टे तुटेपर्यंत चालवतात आणि त्याच्या बऱ्याच अलीकडे एक रेघ मारतात. इंजिनानुसार ही रेघ कुठे ६० हजार किलोमीटरवर असते, कुठे १ लाखावर, कुठे दीड लाखावर. काही टोयोटा डिझेलमध्ये तर ती वेळ आली की डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो. तो दिवा पट्ट्याकडे बघत नाही. तो फक्त किलोमीटर मोजतो.

रेघ अलीकडे मारलेली असते म्हणूनच काढलेला पट्टा चांगला दिसतो. काकांना हे सांगून पाहिलं, पटलं नाही.

पुस्तिकेत किलोमीटरशेजारी वर्षंही दिलेली असतात, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. "गाडी पंधरा वर्षांत चाळीसच हजार पळालीय" असं अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. पण रबर कॅलेंडरही मोजतं. इंजिनाची धग, हवेतला ओझोन, उन्हात उभी गाडी, यांनी ते हळूहळू कडक होतं. दोन्हींपैकी जे आधी येईल ते खरं.

तिसरं एक गणित पुस्तिकेच्या बारीक अक्षरात असतं: खडतर वापर. धूळ, कडक ऊन, छोट्या फेऱ्या, सतत थांबत-निघत चालणारी रहदारी. वाचताना वाटतं हे वाळवंटासाठी लिहिलंय. प्रत्यक्षात ते आपल्या रोजच्या रस्त्याचं वर्णन आहे. पुण्यात हिंजवडीला जाणारी गाडी ताशी २० च्या सरासरीने १० हजार किलोमीटर चालली तर इंजिन ५०० तास फिरलं. तेच अंतर हायवेवर ताशी ८० ने कापलं तर १२५ तास. मीटरवर आकडा एकच, पट्ट्याच्या वाट्याला चौपट तास. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन ८०० आरपीएमवर तासाला ४८ हजार फेरे मारतं आणि मीटर एक किलोमीटरही पुढे सरकत नाही. शहरातल्या शहरात गाडी चालवणाऱ्याने पुस्तिकेतली कमी असलेली मुदत धरावी, हे माझं मत.

आता काम करायचं ठरलं, तर फक्त पट्टा बदलू नका. पट्ट्याला ताण देणारा टेन्शनर, त्याला वळवणारी आयडलर पुली, यांच्या पोटात बेअरिंग असतात. तीही तितकीच फिरलेली असतात. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर चालतो. नवा पट्टा घातला आणि सहा महिन्यांनी जुन्या पंपाचं बेअरिंग जाम झालं, तर पट्टा त्याच्यावर घासून तुटतो, आणि परिणाम तोच, वाकलेले व्हॉल्व्ह. शिवाय या कामात महाग असते ती मजुरी. पुढचं चाक काढा, बाहेरचे पट्टे काढा, इंजिनाला खालून टेकू देऊन एका बाजूचं माउंटिंग सोडवा, क्रँकची पुली काढा, मग कुठे पट्टा दिसतो. एवढं उघडलेलंच आहे तर पंप आणि पुल्या त्याच वेळी घालणं शहाणपणाचं. क्रँक किंवा कॅमच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल तर ते सीलही तेव्हाच बदला. तेलाने रबर फुगतं, दात सैल होतात; नवाकोरा पट्टाही मग लवकर जातो.

किट, म्हणजे पट्टा, टेन्शनर आणि पुल्या यांचा संच, कुठलं? कंपनीचं, किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचं, पक्क्या बिलासकट. या एका सुट्या भागात हजार-दोन हजार वाचवण्यात मला अर्थ दिसत नाही. पट्टा उघडा मिळाला, घडी पडलेला असला तर घेऊच नका. आतले काचतंतू घडी सहन करत नाहीत. पट्टा बसण्याआधीच जखमी झालेला असतो.

काम नीट झालं की नाही हे ओळखण्याची एक खूण सांगतो. पट्टा चढवताना क्रँक आणि कॅम यांच्या खुणा जुळवाव्या लागतात. काही इंजिनांत त्यासाठी अडकवायच्या खास पिना येतात. एक दात इकडे-तिकडे झाला तरी गाडी थरथरते, ताकद कमी होते. जास्त चुकला तर पहिल्याच सेल्फला ठोकर. म्हणून जाणता मेकॅनिक पट्टा चढवला की लगेच सेल्फ मारत नाही. तो क्रँकच्या बोल्टला पाना लावतो आणि इंजिन हाताने, हळूहळू, पूर्ण दोन फेरे फिरवतो. दोनच का? क्रँकचे दोन म्हणजे कॅमचा एक, सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद होतात आणि खुणा पुन्हा समोर येतात. कुठे काही आदळत असेल तर पाना अडतो, आणि हाताच्या जोराने काही वाकत नाही. हे दोन फेरे मारणारा माणूस सापडला, तर गॅरेज टपरीवजा असलं तरी गाडी तिथे द्या.

आणि तुटलाच तर? धावती गाडी एकदम शांत होते. ना धूर, ना मोठा आवाज, फार तर एक फट्. इंजिन बंद पडल्याने स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते. बोरघाटात किंवा कशेडीत हे झालं तर इंजिनाचा विचार नंतर करा. ब्रेक एकदाच, ठाम दाबून गाडी कडेला घ्या. मग एकदा सेल्फ मारला आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर, अडथळ्याविना फिरल्यासारखा आवाज आला, तर तिथेच हात आवरा. व्हॉल्व्ह उघडे राहिले की आत दाब तयार होत नाही, म्हणून सेल्फचा आवाज असा पोकळ येतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारला किंवा चार जणांना उतरवून धक्का दिला, तर वाचलेले व्हॉल्व्हही वाकवाल. टो करायला बोलवा, गिअर न्यूट्रलला ठेवा.

एक नवा प्रकारही आला आहे: इंजिनातल्या तेलातच बुडून फिरणारा पट्टा. फोर्डच्या एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनात तो होता. हे इंजिन २०१३मध्ये इकोस्पोर्टमधून आपल्याकडेही आलं. प्यूजो-सिट्रॉएनच्या १.२ प्युअरटेकमध्येही तो आला, आणि युरोपात त्याने पुष्कळ डोकेदुखी केली. यात तुटण्याआधीच वेगळं संकट येतं. चुकीच्या किंवा जुनाट तेलात रबराचे कण सुटतात, ते तेलाच्या जाळीत अडकतात, आणि इंजिनाला तेल मिळेनासं होतं. असा पट्टा असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच तेल, आणि तेही वेळेआधी बदललेलं. गॅरेजच्या पिंपातलं सुटं तेल नको.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. विकणारा "बेल्ट मागच्याच वर्षी टाकलाय" म्हणतो. बिल मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि किटचा नंबर हवा. काही गॅरेजवाले बॉनेटच्या आत स्टिकर लावतात, तेही पाहा. यातलं काहीच नसेल तर बदललेलाच नाही असं समजा, आणि मीटरवरच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. मीटर मागे फिरवणारे आपल्याकडे कमी नाहीत. भाव ठरवताना पूर्ण किट, पंप आणि मजुरी यांचे पैसे आधीच कापून घ्या, आणि गाडी घरी नेण्याआधी थेट गॅरेजला न्या. काम झाल्यावर तुमचं स्वतःचं स्टिकर लावा, पर्मनंट मार्करने. साध्या पेनची शाई बॉनेटखालच्या उष्णतेने दोन उन्हाळ्यांत उडून जाते.